पाठीचं माप

— नाही हो, ओरडू नका, ओरडून काय उपयोग? माझ्याकडे तोंड करून नीट बोला. कान तापात गेले, सहा वर्षं झाली, मी ओठ वाचते. काय? कोट शनिवारी संध्याकाळी न्यायला येता? शनिवारी सहाला दुकान बंद, ताई. पूर्वी नसायचं — हात वर करा, छाती मोजते — आता आमचा एक गट आहे, ऐकू न येणाऱ्यांचा, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जमतो. पहिल्या दिवशी मला शिसारी आली होती, खोटं कशाला बोलू! टेबलं काय बडवतात, हातवारे काय करतात, सगळं हॉटेल टकामका बघतंय. पण घरी तरी काय? जेवताना सगळे खिदळतात, मी विचारते काय झालं, तर नवरा म्हणतो, 'काही नाही, राहू दे.' लेक म्हणते, 'नंतर सांगते, आई.' सहा वर्षांत ते 'नंतर' काही उजाडलं नाही. आणि मी? मीही दात काढते त्यांच्याबरोबर, बावळटासारखी! त्या हसण्याची किळस येते मला. गटात तसं नाही. कळलं नाही तर चारदा सांगतील, हातांनी, कागदावर, खुर्चीवर उभं राहून — पण 'राहू दे' म्हणणार नाहीत. दोन महिन्यांत मी एकटी बँकेत गेले, कॅशिअरला म्हटलं, मान वर करा आणि माझ्याकडे बघून बोला! मी — जी भाजी घ्यायलाही लेकीला पुढे करायची. हातांच्या खुणेचं नावसुद्धा दिलंय त्यांनी मला. हे बघा, दोन बोटं ओठांवर. टाचण्या तोंडात धरते ना मी, म्हणून.

फिरा आता, पाठीचं माप घेते. पाठ केलीत की तुमचं बोलणं मला कळायचं नाही, तेव्हा गप्प उभ्या राहा. महिन्यापूर्वी जाऊ शिरली त्या हॉटेलात. जाऊ म्हणजे गावभर दवंडी! मी पटकन हात टेबलाखाली घातले. तिनं विचारलं, 'कोण गं हे?' आणि मी म्हणाले — 'कोणी नाहीत. गिऱ्हाईकं आहेत, बिचारी बहिरी.' त्यांच्या देखत! म्हटलं, यांना कुठं ऐकू जातंय? अहो, बारा माणसं, बाराही ओठ वाचणारी, माझ्या तोंडाकडेच बघत होती! मी स्वतः ओठ वाचून पोट भरते, आणि मला हे — थू! समोर बसलेल्या, गटातल्याच बेकरीवाल्या आजोबांनी फक्त कप खाली ठेवला. तीन शनिवार गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

काल ते आजोबा इथं आले, काचेबाहेर उभे राहिले. दोन बोटं ओठांवर ठेवली, घड्याळात सहावर बोट ठेवलं आणि गेले. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण जाणार आहे मी. बाराजणांसमोर उभी राहून सांगणार, तुम्ही माझे कोण आहात ते. हातांना अजून शब्द नीट येत नाहीत, तरी सांगणार.

हं, फिरा. काय म्हणालात मघाशी? म्हणालात की काहीतरी — टेपखाली बरगड्या हलल्या तुमच्या. हसलात का? सांगा ना परत, बघतेय मी.

'काही नाही'? 'राहू द्या'?

बरं. मग कोटही राहू द्या. हे घ्या तुमचं कापड. आणि जाताना दार खुशाल आपटा, मला काही ऐकू येत नाही.