हौसामावशीचं बिऱ्हाड

कान्हे गावातल्या माझ्या भावांनो, मावशांनो, जय भीम.

मला बोलायला उभं केलंय खरं, पण मला भाषणाची सवय नाही. चुकलं-माकलं पदरात घ्या.

मी रफिक. लोणावळ्यात वायरिंगची कामं करतो. इथल्या विहारात आपण नाटक बसवलं, तेव्हा हौसामावशी आई झाली आणि मी तिचा थोरला मुलगा. अमेरिकेतलं एक गरीब काळं कुटुंब. प्रत्येकाचं एकेक स्वप्न, आणि सगळ्यांचं मिळून एक, चांगल्या वस्तीत घर. ते दारोदार फिरतात आणि नकार ऐकतात.

आम्ही शहाण्यांनी तोंडाला फासायला काळा रंग आणला. मावशीनं डबा उघडला, बघितला, झाकण लावून टाकलं. "रंग कशाला रं? दारातनं माघारी फिरलेल्या माणसाचं तोंड मला ठावं हाय. तेवढं पुरं." डबा तसाच दुकानात परत गेला.

त्याच दिवसांत मी खोली शोधत होतो. बायकोला सातवा महिना. माझं नाव ऐकलं की खोली नुकतीच गेलेली असायची. मावशीला म्हणालो, नाटक सोडतो, हा मुलूखच सोडतो. ती म्हणाली, "चल, मी येते संगं. आई बघितली की मान्सं नरमत्यात."

कुसगावात एका मालकाला तिनं ठणकावून सांगितलं, "ह्यो माजा ल्योक." मालकानं तिचं आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. मग काय! आधी एकाला नकार होता, आता दोघांना झाला. रस्त्यावर येऊन आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडतूस काय येड्या? माजी फुडची खोली हाय की."

त्या खोलीत मिलिंद झोपायचा, तिचा पोटचा मुलगा. त्यानं एका शब्दानं न विचारता आपली गादी उचलली. माझी लेक त्याच घरात रांगली. माझी बायको आणि मावशी कालवणातल्या तिखटावरून भांडायच्या, आणि जेवायला एकमेकींसाठी थांबायच्या.

परवा मावशी गेली. खरं सांगू? रडताना मनात भीतीही होती. आता मी इथं कोण? भाडेकरू? नाटकातला मुलगा? तिला उचलायची वेळ झाली, तेव्हा मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मिलिंद गर्दीतून मागे आला. माझा दंड धरला. म्हणाला, "दादा, हितं काय करतूस? थोरल्यानं फुडं व्हायचं असतं."

मी पुढे झालो. खांदा दिला.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. त्याआधी मला एवढंच म्हणू द्या. स्टेजवर शंभरदा म्हणालो, घरात मात्र कधी धीर झाला नाही.

आई, सलाम.