इनामाचं लुगडं

माझं माहेर पेडगावचं. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, आमी चौघी बहिनी, तवा लवकरच उजवलं आन परभनीला आनलं. नवरा कापसाच्या जिनिंगमधी हमाल. निजाम गेला, राज्य बदललं म्हनायचे लोक, पन आमचा भोंगा तोच आन मुकादमबी तोच. मीबी रेच्यावर लागले. रेच्यात कापूस टाकायचा, सरकी खाली पडती, रुई म्होरं येती. आमी बाया वळीनं उभ्या, धुरळ्यानं नाक भरायचं, केस पांढरे व्हायचे, काय सांगू तुमाला, तरुनपनीच म्हातारी दिसायचे मी. पन खोटं न्हाई सांगत, कामाला जायचं म्हनलं की पाय आपसूक उचलायचे.

का, तर आमच्यात एक रीत व्हती. कोनी शिकवली न्हाई. एखादीचं लेकरू भाईर लिंबाखाली रडलं की ती पाजायला उठायची, आन आजूबाजूच्या दोघी तिच्या रेच्यात वंजळ वंजळ कापूस टाकत राहायच्या. मुकादमाला कळायचंबी न्हाई. कळलं तरी त्याला काय, रुई पडायलीय ना.

मग मालकाच्या डोक्यात काय आलं देव जाने. दर अवसेला रेच्यांना नारळ फोडायची चाल व्हती. एका अवसेला नारळ फोडून म्हन्ला, म्होरल्या अवसेला जिची रुई सगळ्यात जादा, तिला इनाम, रेशीमकाठी लुगडं. दावलंबी आमाला. जांभळं, लाल काठाचं. आमची सगळ्यांची ठिगळाची, नजर हालंना कुनाची. माझीबी हालंना.

दुसऱ्या दिसापासून बोलनंच बंद. पानाची चंची ह्या हातातून त्या हातात फिरायची, ती बंद. जी ती आपल्या रेच्यात मान घालून. वळीच्या त्या टोकाला गया व्हती, बोरीची, नवऱ्यानं टाकलेली, पोर तान्हं. ती उठली की तिचा रेचा रिकामाच खडखडायचा. मी ह्या टोकाला, माझा हात कसा पुरावा. वरडले, अगं शेवंते, तिला हात लाव की. शेवंता म्हन्ली, तुला बोलाया काय जातंय, तुझं पोर पळतं झालं. आन एक दिवस मुकादमानं गयाला सांगितलं, अवसेपस्तोर ये, मग येऊ नको. गया पोराला छातीशी धरून रडायली, आन एकीनं मान वर केली न्हाई. लय राग आला मला. तो राग अजून हाय.

अवस आली. नाव माझंच निघालं, माझं लेकरू पाजायचं नव्हतं म्हनून निघालं, दुसरं काय. मालक म्हन्ला, घे रुखमिन. मी घेतलं. इचारलं, मालक, हे आता माझं ना? म्हन्ला, तुझंच की. मग काठ दातात धरला आन टराटरा फाडलं. बाया हाय हाय करायल्या. शेडच्या पडवीला, वाशाला, झोळ्या बांधल्या आन गयाचं लेकरू आनून पहिल्या झोळीत टाकलं. मालक लालबुंद. माजलीस का, म्हन्ला, माझ्या लुगड्याचा इस्काट केलास. मी म्हनलं, तुमचं कुठं, आत्ताच तुझं म्हन्लाव की. आन ऐका, गयाला काढनार असाल तर माझा रेचाबी रिकामा समजा. आमाला लुगडं नको, एकमेकीचा हात पायजे.

नवरा तिकडं तोंड पाडून उभा, बिचारा. मला वाटलं गेली नौकरी. तर शेवंताच आली, माझ्या बाजूला उभी राहिली. मग दुसरी आली, मग सगळ्याच. दारात कापसाच्या गाड्या लागलेल्या. मालकानं गाड्यांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, मुकादमाला म्हन्ला, वाजव भोंगा. बस्स, तेवढंच. गयाला कोनी काढलं न्हाई, आन इनामाचं नाव परत निघालं न्हाई.

आता नातू कारखान्यात हाय. तिथं दर महिन्याला एकाचा फोटू भिंतीला लावतेत म्हने. म्हनलं, लाव बाबा तुझाबी, पन शेजारचा आजारी पडला तर त्याचं काम कोन वढतंय ते आदी बघ.

नवरा मरस्तोवर म्हनायचा, एकदा तरी अंगाला लावून बघायचं व्हतंस. लोक इचारतेत, जीव तुटला न्हाई का. तुटला की, मी काय दगड हाय का? असलं लुगडं पुन्हा जन्मात मिळालं न्हाई. पन आज कोनी तसंच आनून दिलं ना, तरी फाडीन. दात न्हाईत आता, इळ्यानं फाडीन.