एक चम्मच गंधपुरा

पलासिया भागातल्या दवाखान्यात सुलोचनाबाई नंबराची वाट बघत होत्या. शेजारी एक नवराबायको येऊन बसले आणि सगळीकडे पिपरमेंटचा वास सुटला.

“चंपा, मला गरगरतंय.”

“गरगरणारच. सांधेदुखीचं तेल कुणी पितं का?”

“गिऱ्हाईक म्हणालं, हे तेल असली आहे कशावरून? मग दाखवलं एक चम्मच पिऊन. वास तर एकदम पिपरमेंटच्या गोळीचा!”

“गंधपुऱ्याचं तेल पोटात गेलं की जहर, हे शीशीवर तुम्हीच लिहिता ना?”

“ते पब्लिकसाठी. मिल बंद झाल्यापासून हाच एक धंदा उरलाय. इज्जतीचा सवाल होता!”

 सुलोचनाबाई ताडकन उठल्या.

“अहो, माझा नंबर घ्या, आधी तुम्ही आत जा!”

“बसा हो मावशी, काही घाई नाही.” चंपाने त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

“घाई नाही? अगं, मी मरतोय इकडे!”

“आधी शपथ घ्या, परत कुणासमोर पिऊन दाखवणार नाही.”

“तुझी शपथ!”

“मग ऐका. तुम्ही असं काहीतरी करणार, हे मला पक्कं माहीत होतं. सॅम्पलच्या शीशीत मी कधीच सोयाबीनचं तेल भरलंय. वासापुरतं पिपरमेंट टाकलंय.”

“मग घरीच का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला घाबरायला वेळ लागतो.”

“नथूजी, मावशींच्या नंबरावर तुम्हीच चला आत!” कंपाउंडरने हाक मारली.

नथूजी उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

“पण चंपा, त्याच शीशीतलं तेल चोळून बेटमा गावचे गुडघेदुखीने बसलेले मास्तर सायकल चालवायला लागले! थांब, हे डॉक्टरांनाच विचारून येतो.”