बहुमताचं पाणी

आमच्या सिल्वासाच्या सोसायटीची गंमत ऐका. टाकीच्या पाण्याला वास यायला लागला. राखोलीच्या कारखान्यात केमिस्ट असलेले जोशी मीटिंगमध्ये म्हणाले, "मी तपासलंय. हे पिऊ नका."

आमचे निवडून आलेले चेअरमन, धुळ्याचे पाटील, खवळलेच. "तुम्हाला कोणी निवडून दिलंय? मतदान घेऊ!"

टाकी उपसायची कटकट कोणाला हवी? गुजरातीत "चालशे, चालशे" म्हणत हात वर झाले आणि पाणी बहुमताने शुद्ध ठरलं.

लगेच त्याच पाण्याचा चहा आला. जो तो म्हणे, "नको, आत्ताच घेतला." पाटील म्हणाले, "माझा उपास आहे."

"अहो, उपासाला चहा चालतो की!" जोशी म्हणाले.

"चहा चालतो हो," पाटील हळूच म्हणाले, "पाणी चालत नाही."