बटण कुणी फिरवलं

यशपाल : आत्या, एवढंच सांग. आप्पांच्या ऑक्सिजन मशिनचं बटण तू का फिरवलंस?

मनकर्णा : हळू बोल की, दवाखाना हाय ह्यो. शेजारच्या खाटंवरचं माणूस बघायलंय.

यशपाल : बघू दे. मशिन घरी आणलं त्या दिवशी मी त्याच्या काचेच्या नळीवर लाल पट्टी चिकटवली. बटण फिरवलं की नळीतली गोळी वर चढते, ती पट्टीच्या वर न्यायची नाही, हे घरातल्या लेकरांनाही ठाऊक आहे. आणि तू सांगोल्याहून येतेस, एक दुपार बसतेस, अन् गोळी पार टोकाला.

मनकर्णा : दम लागला व्हता त्याला. हवा काय इख हाय का?

यशपाल : आप्पांना विषच आहे. त्यांच्या छातीत घाण हवा साठते. ऑक्सिजन जास्त झाला की ती आणखी साठते, श्वास मंदावतो, माणूस गुंगीत जातो. तुला वाटलं डोळा लागला. मी कामावरून आलो नसतो तर ते उठलेच नसते. आता हा घट्ट मास्क, वरून हवा ढकलणारं मशिन. यानं भागलं नाही तर घशात नळी घालणार आहेत.

मनकर्णा : चुकलं माजं.

यशपाल : चुकलं म्हणून भागत नाही. यापुढे घरी भेटायला कुणी यायचं नाही. तूसुद्धा नाही.

मनकर्णा : मग मी बी बोलती. जलमभर गिरणीत कापसाची धूळ खाल्ली त्यानं, तुला शिकीवलं. विहारात माईकबिगर बोलायचा, पार मागं बसल्याल्या म्हातारीला ऐकू जायचं. आता त्यानं तोंड उघडलं की तू म्हणतूस, आप्पा, बोलू नका. सून म्हणती, बोलू नका. लेकरं तोंडावर बोट ठिवत्यात. मुकं करून ठिवलंय माज्या भावाला.

यशपाल : त्यांना दम लागतो म्हणून सांगतो. मला काय हौस आहे?

भीमा : (मास्क हातानं बाजूला सारून) यशा... बटण... मी फिरवलं.

यशपाल : आप्पा, मास्क काढू नका. आत्याला वाचवायला बोलताय तुम्ही.

भीमा : तिनं... हात धरला व्हता माजा. मीच... ऐकलं न्हाय. आक्का लई दिसांनी आली. सारखं थांबून... थांबून... बोलायचं न्हवतं.

यशपाल : आत्या, मघापासून मी तुला वाट्टेल ते बोलतोय. तू सांगितलं का नाहीस?

मनकर्णा : तुजा राग माज्यावर निगू दे म्हनलं. त्याला आता सोसायचा न्हाय.

यशपाल : जीव जाईपर्यंत बोलण्यासारखं असं काय होतं, आप्पा?

मनकर्णा : काय न्हाय. आमची आय त्याचं नाव शाळंत घालाया गेली आन् मास्तराशी भांडली, ती गोष्ट. आयचा आवाज काडत व्हता. मी हसत व्हते. अर्ध्यातच गुंगला.

यशपाल : मला कधी सांगितली नाही ही.

मनकर्णा : बोलू कुटं दिलंस? भीमा, मास्क नीट लाव. ऱ्हायल्याली मी सांगती, तू नुसती मान हलीव. यशा, तू बी बस हितं.