पाऊण तासाचं विमान

नैरोबीच्या विमानतळावर मी किसुमूच्या विमानाची वाट पाहत होते. पाठीमागच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते.

"पाऊण तासाच्या विमानासाठी दोन तास बसवून ठेवतात, ओमोंडी. याला काय अर्थ?"

"बसने आठ तास लागतात, आवुओरताई. त्यापेक्षा बरं."

"आजवर आठ तास चाललेच की. आईला नुसता ताप आहे ना? मग विमान कशाला?"

"तू चहा घेतेस?"

"तिसऱ्यांदा विचारतोयस. घरी कधी पाण्याचा पेला दिला नाहीस. फोन लाव, मी आईशी बोलते."

"झोपली असेल."

"सकाळीही झोपलीच होती. मामा काय म्हणाला, शब्दन् शब्द सांग."

"आई आजारी आहे, दोघंही या, म्हणाला."

"बाबांच्या वेळीही एवढंच म्हणाला होता. आपल्याकडे फोनवर आजारापुढचं कुणी सांगतं का?"

"विमान लागलं, ताई. ऊठ."

"नाही उठणार. दारातला मयताचा मंडप बघून मला कळायला नको. तू सांग."

"तिथे गेल्यावर बोलू."

"इथेच."

"ताई, आई काल दुपारीच गेली."