धवल्याला अवजार मिळेना

...आणि वर मलाच इचारतात, "बाबा, तुमचं मत काय?" अरे, माझं मत! तुमाला सांगतो, दुसरीत शाळा सोडली मी, मास्तरानं मारलं म्हणून नाय, बैलांमागं कोण नव्हतं म्हणून, आणि आता या वयात मला इचारतात, वेबसाइट वर्डप्रेसवर करायची का ड्रुपलवर! मी बोललो, करा कशावर पण, माझी ओटी सोडून करा. मला काय... मी बसलोय.

बसलोय म्हणजे बसलोयच. आमची चंद्रकला, माझी बायको, गेली तवापासून ओटीवरच हाय. रडू येत नाय, राग तेवढा येतो. पुढ्यात येईल ते खातो, भात काय नि नाचणी काय, सगळं एकच लागतंय. तिची धाकटी बहीण, लहानी, येते आणि बोलते, "भावजी, जरा हिंडा-फिरा!" कुठं हिंडू गो? समोर सिद्धगड हाय, तो पण बसलाय, त्याला नाय कोण बोलत हिंड म्हणून!

तर चंद्रकला धवलारीण होती. लग्न असलं की हळदीच्या मांडवात धवला ती म्हणणार. आधी देवांना बोलवायचं, मंग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन... या, तुमच्या लेकराची हळद हाय, या. त्याच्याबिगर आमच्यात हळद लागत नाय. आणि ती जायच्या आधी माझ्या पुतण्याच्या पोरानं, सुनिलनं, तिचे धवले फोनात भरून घेतले. हा सुनिल ठाण्याला कंपूटरवर कामाला. त्यानं शहापूर-मुरबाडची पोरं जमवली, बोलला, सगळ्या गावांचे धवले एका वेबसाइटवर ठेवायचे, फुकट, कोणी पण ऐकावं, कोणी पण न्यावं, काय चुकलं तर कोणी पण सुधारावं. ओपन सोर्स! मी बोललो, म्हणजे सावड. आज आमी तुझ्या लावणीला, उद्या तू आमच्या. सुनिल उडालाच, "बरोब्बर, बाबा!"

तिथंच घोळ झाला बघा.

कारण माझी नात, रंजिता, तिचं वैशाखात ठरलं. पोरगी बोलली, "बाबा, माझ्या हळदीला आजीचाच धवला पायजे." मी बोललो, लागंल. एवढंच काम होतं हो! एक गाणं, एक मांडव. पण नाय... आधी म्हणे अवजार निवडायचं. वेबसाइटवर गाणी टाकायची, लिहायचं, पुसायचं, हलवायचं, त्याचं अवजार असतं. आणि ते निवडायला बैठक कुठं? माझ्या ओटीवर! चहा कोण पाजणार? माझी सून!

सुनिल बोलला, "वर्डप्रेस घेऊ, सगळ्यांना जमतं." किन्हवलीला फॉर्म भरायचं दुकान हाय ना, तो मनोज, तो बोलला, "ड्रुपल. उद्या हजार गाणी आली तर?" अरे हजार गाणी! हितं एक वाजंना! मुरबाडच्या कॉलेजातली रविना, ती नाकातनं बोलते, "तुमचं दोघांचं पण जड होणार. आपल्या गावात रेंज किती? साध्या फायली ठेवा, पटकन उघडतील." मंग लागले भांडायला. तू काय समजतोस, तुला काय येतंय, माझ्या जिवावर चाललंय... मी म्हशाच्या जत्रेत बैल घेतले. बैलाचे दात बघता येतात, चालवून बघता येतो. हितं बघायचं काय? तिघं तीन फोन माझ्या नाकासमोर धरतात, "बाबा, कुठलं बरं दिसतं?" तिन्ही पांढरंच दिसतंय रे मला!

मंग मनोजला सुचलं. "बाबा बोलले ना सावड? मंग सावडीनंच करू! आधी सुनिलच्या अवजारावर, मंग माझ्या, मंग रविनाच्या. कोणाचं मन दुखायला नको." आणि सगळ्यांनी माना हलवल्या! अहो, लावणी सावडीनं होते, कारण शेतं तीन असतात. हितं शेत एकच! एकाच खाचरात तीनदा लावणी, दर वेळी आधीची रोपं उपटून! मला काय... मी बसलोय.

आणि दर खेपेला काय? "बाबा, शब्द तपासा." कानाला फोन लावून बसवायचे मला. तिचा आवाज यायचा. मधीच ती गाता गाता थांबते आणि बोलते, "ओ, ती कोंबडी हाकला!" मलाच बोललेली ती, भरून घेतलं त्या दिवशी. पहिल्या खेपेला मी उठलो. उठलो, अंगणात बघितलं, कोंबडी नव्हती, परत येऊन बसलो. मनोजनं ती कोंबडी कापून टाकली, बोलला खराबा हाय. रविनानं परत घातली, बोलली हेच तर खरं हाय. त्यावर आणि एक बैठक. मी ऐकत गेलो, किती येळा ते इचारू नका. आत काय हललं नाय. लाकडासारखा बसून ऐकलं.

आली हळद. मांडव भरला, नवऱ्याकडची माणसं आली, रंजिता पाटावर बसली, लहानी बोलली, "लाव रे सुनिल." सुनिलनं फोन काढला. मांडवात स्पीकर, तोंडावर घाम... फोनात काय आलं? 'लवकरच नव्या रूपात भेटू.' रविनाच्या अवजाराची पाळी चालू होती ना! मी बोललो, तुझ्या फोनातलं लाव की. तर बोलतो, "जागा होत नव्हती बाबा, पुसलं. कॉपी ठाण्याला हाय कंपूटरात." हळद मुरबाडला आणि आजी ठाण्याला!

लहानीनं सुरुवात केली, दोन देवांत अडकली. पोरगी पाटावर खाली मान घालून. ती रडाय लागली असती तर ठीक होतं, पण ती माझ्याकडं बघत होती. आणि तुमाला सांगतो, मला काय झालं ते मला माहीत नाय, मीच म्हणाय लागलो. बाप्या माणूस धवला म्हणत नाय, तरी म्हणाय लागलो, घसा फाटलेला, चाल वाकडी. अख्खा मांडव बघतोय! देव बोलवले सगळे. आणि सवयीनं त्याच जागेवर थांबून बोललो, "ओ, ती कोंबडी हाकला!" नवऱ्याचा मामा खुर्चीखाली कोंबडी शोधतोय!

मंग गेलेली माणसं. माझा बाप, आई, थोरला भाऊ... ती म्हणायची तसंच. आणि नावं संपली. फोनातल्या धवल्यात पुढं काय नव्हतंच. ती स्वतःच म्हणत होती ना, तिचं नाव त्यात असणार कसं? मंग बोलवलं. चंद्रकला, ये. रंजिताची हळद हाय, ये. तिला कधी नावानं हाक मारली नव्हती मी. तिथंच मारली पहिल्यांदा, माणसांत.

लागली हळद.

मला वाटलं, सुटलो. तर पाय धुवायच्या आत सुनिल आला, डोळे पुसत, "बाबा, हा तर नवीन धवला झाला! परत म्हणा, भरून घेतो." मनोज बोलला, "नवीन नाय, जुन्यातली दुरुस्ती." रविना बोलली, "दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला पायजेत, पण आपल्या तिन्ही अवजारांत ते नीट बसत नाय..."

चौथं बघतायत. रविवारी बैठक हाय, माझ्याच ओटीवर. सुनेला चहाचं सांगून ठेवलंय. मला काय... मी बसलोय.